गरम पाण्याचा निवाडा

मार्कंड्याच्या देवळाचं शिखर जिथून दिसतं, त्या वैनगंगेकाठच्या ढिवरांच्या गावात डोमाभाऊंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष तेच, आणि जातीत काही तंटा झाला की निवाडा करणारेही तेच. निवाडा बरोबर असे की नाही, हा प्रश्न वेगळा. आवाज मात्र एवढा खणखणीत, की ऐकणाऱ्याला तो बरोबरच वाटू लागे.

त्यांचा सगळ्यात गाजलेला निवाडा म्हणजे इसरूचा. इसरूच्या पोरीच्या लग्नात रीतीप्रमाणे नवरदेवाचे पाय धुवून झाले. तिकडची रीत अशी, की नवरीची आई लोट्यानं पाणी घालते, बाप परातीत पाय धुतो आणि आपल्याच दुपट्ट्यानं पुसतो. एवढं झालं आणि अंतरपाट धरायच्या आधी बँडवाल्यांवरून दोन्हीकडची मंडळी हमरीतुमरीवर आली. इसरू तडकून म्हणाला, "मोडलं लग्न!" तेव्हा डोमाभाऊ मांडवात उभे राहिले.

"मोडते कसं? पाणी पडलं, पोरगी गेली! मांडव असो का नदीचा काठ असो, बामन असो का नसो. काऊन धुतले अन् कसे धुतले, हे इचाराचंच नाई. मायबापानं पाय धुतले, का तो जावई!"

इसरू मुकाट खाली बसला. त्याची पोर पुढे सुखानं नांदली, आणि हा निवाडा नदीच्या दोन्ही काठांवर दाखला म्हणून सांगितला जाऊ लागला. डोमाभाऊ स्वतः तर तो बिनविचारताही सांगत.

त्यांना एकुलती एक लेक, दामिनी. नागपूरला मासेपालन शिकली आणि पुढच्या शिक्षणासाठी थेट आइसलँडला गेली. शिक्षण संपलं तरी पोर परत येईना. तिकडेच उत्तरेच्या एका बंदरगावात तिला मासळीच्या कारखान्यात नोकरी लागली. २००५ सालच्या होळीनंतर एका दुपारी सोसायटीच्या कचेरीत फोन वाजला.

"बाबा, मी इथला एक पोरगा पसंत केला हाये. एनार नाव हाये त्याचं."

डोमाभाऊंनी रिसीव्हर कानापासून लांब धरला, त्याच्याकडे विंचवाकडे पाहावं तसं पाहिलं, आणि म्हणाले, "नाई."

घरी आल्यावर कुंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बाई बोलायला कमी, पण बोलल्या की नेमकं दुखतं तिथे बोट ठेवणाऱ्या. त्या चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणाल्या, "दोनी बाजू आयकल्याबिगर निवाडा देता काय जी तुमी? मंग आपल्याच पोरीले काऊन न पाहता नाई मनता?"

झालं. न्यायाधीशाला न्यायाची आण घातली. डोमाभाऊ ओसरीवर येरझाऱ्या घालत राहिले आणि शेवटी गर्जले, "ठीक हाये! पाहून येतो अन् त्याच्या तोंडावर नाई मनून येतो!"

खरं सांगायचं तर त्यांच्या पोटात भीती होती. पोर चंद्रपूरला दिली असती तर सकाळच्या बसनं जाऊन संध्याकाळी परतता आलं असतं. गडचिरोलीला दिली असती तर सायकलनंही. चौकशी करायची तर चार सोयरे असते, कोणाला तरी विचारता आलं असतं की पोरगा पितो का, बापाशी भांडतो का. या एनारची चौकशी करायची कोणाकडे? आणि उद्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं तर ते पाहायला तिथे कोण? हे त्यांनी कुंताबाईंना सांगितलं नाही. बाईंना ते माहीत होतंच.

एनारचा धंदा वेगळाच होता. उत्तरेकडे जमिनीतून वाफा निघतात, चिखल उकळतो, ज्वालामुखीतून वाहून आलेला दगड कोसकोस पसरलेला आहे. तो सगळा मुलूख बड्या पाहुण्यांना आपल्या खासगी गाडीतून दाखवायचा, उत्तम ठिकाणी उतरवायचं, उत्तम खाऊ घालायचं. त्यानं निरोप पाठवला की जून महिन्यात माझे पाहुणे तुम्हीच. पुतण्या भूपेशनं नागपूरला खेटे घालून पासपोर्ट काढून आणले. कुंताबाईंनी मार्कंडदेवाला नवस बोलला आणि तो काय होता ते नवऱ्याला सांगितलं नाही. पिशवीत जवसाची चटणी, चिन्नोर तांदूळ आणि पाणी प्यायचा पितळी लोटा भरला. डोमाभाऊंनी भरलं आपलं फेकायचं जाळं. स्वतःच्या हातानं विणलेलं, कडेला शिशाच्या गोळ्या लावलेलं.

"तिकडं जाळं कायले?" कुंताबाईंनी विचारलं.

"आपुन कोन आहोत ते समजाले पायजे त्याले," डोमाभाऊ म्हणाले.

चंद्रपूर भट्टीसारखं तापलेलं असताना दोघं निघाली आणि स्वेटरवर स्वेटर चढवून विमानातून उतरली. समोर दामिनी उभी होती. डोमाभाऊंनी रागानं बोलायचं ठरवलं होतं, पण पोरीनं पायावर डोकं ठेवलं आणि त्यांना नाक पुसावं लागलं. त्याचा दोष त्यांनी थंडीला दिला. तिच्या मागे ताडासारखा उंच, तांबूस दाढीचा एनार हात जोडून उभा. "नमस्कार बाबा, नमस्कार आई," तो म्हणाला. कुंताबाई हसल्या. डोमाभाऊंनी नमस्कार घेतला तो गाडीकडे पाहत.

गाडीही पाहण्यासारखी होती. कमरेएवढी चाकं, आत मऊ कातड्याच्या खुर्च्या, पायाखाली लोकरीचे गालिचे, खुर्चीला ऊब देणारं बटण.

"मान्सं किती बसतीन यात?" डोमाभाऊंनी विचारलं.

"आपण चौघंच, बाबा. खासगी सहल हाये," दामिनी म्हणाली.

"आमच्याकडं एवढ्या गाडीत अख्खी वरात जाते," डोमाभाऊ म्हणाले. "बकऱ्या वेगळ्या."

इथून पुढे त्यांनी एक पण केला: कशाचंही कौतुक करायचं नाही. कौतुक केलं की माणूस मिंधा होतो, आणि मिंध्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. पहिल्या दिवशी एनारनं त्यांना वाफाळणाऱ्या माळावर नेलं. पिवळीधमक जमीन, जागोजाग राखाडी चिखल भातासारखा रटरटतोय, दगडांच्या ढिगातून फुस्स करत वाफ निघतेय आणि सगळीकडे सडक्या अंड्याचा वास. कुंताबाईंनी "अगं माय वं!" म्हणून तोंडाला पदर लावला. डोमाभाऊ शांतपणे म्हणाले, "आमच्याकडं बी हाये. चंद्रपूरले कोळशाचे ढीग असेच धुपते."

काळ्या दगडांचं रान दाखवलं, जिथे लाव्हा गोठून वेडावाकडा उभा राहिला होता. "आमच्याकडं बी दगडं हायेत." डोंगरावरून कोसळणारा पांढराशुभ्र धबधबा दाखवला. "पानी खाली पडते, त्यात काय?" संध्याकाळी उतरले तिथे उघड्यावर गरम पाण्याचं कुंड होतं, अंगभर निळं पाणी, समोर बर्फाचे डोंगर, आणि एक बाई ताटात फळं कापून आणते. डोमाभाऊ त्यात गळ्यापर्यंत बसले. त्यांच्या गुडघ्यांची ठसठस पाच वर्षांत पहिल्यांदा थांबली. त्यांनी डोळे मिटले, चेहरा लोण्यासारखा झाला.

"कसं वाटते, बाबा?" दामिनीनं विचारलं.

"ठीकठाक," डोमाभाऊ डोळे न उघडता म्हणाले आणि बोलावूनही बाहेर आले नाहीत.

मधल्या वेळात त्यांची चौकशी चालूच होती. पेट्रोल पंपावर, दुकानात, हॉटेलात, जो भेटेल त्याला ते दामिनीकरवी विचारत: हा पोरगा कसा? भांडखोर आहे का? पिऊन पडतो का? लोक हसून लांबलचक उत्तर देत आणि दामिनी सांगे, "चांगला हाये मनतात." शेवटी डोमाभाऊंना सुचलं की साक्षीदारही परका आणि दुभाषी नवरीच, असला पुरावा ते आपल्या बैठकीत उभा राहू देणार नाहीत.

कुंताबाईंची चौकशी वेगळ्या वाटेनं चालली होती. त्या भागात लोक गरम जमिनीत खड्डा करून पाव भाजतात, हे एनारनं दाखवलं. बाईंनी लगेच डब्यात तांदूळ-पाणी घातलं, झाकण घट्ट लावलं आणि खड्डा दाखव म्हणून खूण केली. एनारनं गुडघ्यावर बसून हातानं माती सारली, डबा पुरला आणि तिथेच दगडावर बसून राहिला, कोणी चुकून पाय देऊ नये म्हणून. भात मोकळा झाला. त्यावर जवसाची चटणी घालून एनारनं तो खाल्ला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि त्यानं ताट पुन्हा पुढे केलं. कुंताबाईंचा निवाडा तिथेच झाला. त्यांनी तो जाहीर केला नाही इतकंच.

तिसऱ्या दिवशी सहलीचा शेवटचा मुक्काम. दुसऱ्या सकाळी परतायचं होतं, म्हणजे 'नाही' म्हणायचं ते आजच. गाडी एका नदीकाठी थांबली. नदी बर्फाच्या डोंगरातून आलेली, दुधासारखी गढूळ, खळाळती. आणि काठावरच खडकातून एक कढत झरा वाफा सोडत तिला मिळत होता. एनारनं गवतावर पांढरी चादर अंथरली, चांदीचे चमचे मांडले, बाटल्या बर्फात ठेवायचं भलंमोठं तांब्याचं घंगाळ आणून ठेवलं. डोमाभाऊ नदीकडे पाहत होते. तीन दिवसांत त्यांना ओळखीचं असं पहिलंच काही दिसलं होतं.

"मासे हायेत?" त्यांनी विचारलं.

दामिनीनं एनारला विचारून सांगितलं, "हायेत, पण जाळं टाकाले परवानगी लागते. अन् तळाले दगडं हायेत, धार लय जोराची हाये मनते."

"वैनगंगेले पूर येते तवा याच्या बापानं पाह्यली काय धार?" डोमाभाऊ उठले. "मासे नाई पकडत. जाळं कसं उघडते तेवढं दाखवतो."

जाळ्याची दोरी त्यांनी मनगटाला गुंडाळली, एक पदर दातात धरला, अंग वळवलं आणि जाळं फेकलं. काय उघडलं जाळं! पौर्णिमेच्या चंद्रासारखं गोल उघडलं आणि सपकन पाण्यावर बसलं. एनारनं टाळ्या वाजवल्या. डोमाभाऊंनी मिशीवरून हात फिरवला, आणि तेवढ्यात दोरीला हिसका बसला.

जाळं तळच्या दगडांत अडकलं होतं आणि वरून नदी ते ओढत होती. मनगटाची दोरी आवळली. डोमाभाऊ एक पाऊल पुढे सरकले, मग दुसरं. टाच रोवायला जावं तर खडक शेवाळानं गुळगुळीत. कुंताबाई ओरडल्या. एनारनं होता तसाच नदीत उडी घेतली. बुटांसकट, मांडीएवढ्या बर्फाच्या पाण्यात. एका हातानं दोरी ओढून धरली, तिला ढील दिली, आणि डोमाभाऊ मागे गवतावर बसले.

इथे गोष्ट संपली असती. एनारच्या कमरेला चाकू होता. जाळं कापून टाकलं असतं आणि दोन ढांगांत काठावर आला असता. डोमाभाऊंना वाटलंही तसंच, आणि त्यांनी तोंड फिरवलं. आपलं जाळं कापलेलं त्यांना बघवलं नसतं. पण कापल्याचा आवाज आला नाही. पाहतात तो एनार पाण्यात वाकलेला, खांद्यापर्यंत हात बुडवून, एकेका दगडावरून जाळं सोडवतोय. जाळीचा एक डोळा सुटला की दुसरा. ओढाताण नाही, घाई नाही. ओठ जांभळे पडले होते.

"वर ये मना त्याले! मराचं हाये काय?" डोमाभाऊ ओरडले.

दामिनीनं हाक मारली. एनार दात वाजवत काहीतरी बोलला.

"काय मनते?"

"मनते, त्याचे बाबाही जाळंच टाकत होते. जाळं कापलं का घरात जेवत नव्हते त्या दिशी."

डोमाभाऊ उठून काठाशी गेले.

एनार वर आला तेव्हा जाळं त्याच्या खांद्यावर होतं आणि एकही डोळा तुटला नव्हता. बूट काढले तर पाय निळेजांभळे. तो हसत होता, मला सवय आहे असं खुणेनं सांगत होता, पण डोमाभाऊंच्या अंगात आता पौषातल्या पहाटे नदीत उतरणारा ढिवर संचारला होता. "बस खाली! दात वाजून राह्यले अन् हासून राह्यला! बस मनतो ना!" त्यांनी घंगाळातल्या बाटल्या आणि बर्फ गवतावर ओतला, झऱ्याचं कढत पाणी आणलं, त्यात नदीचं मिसळलं, कोपर बुडवून पाहिलं, आणि एनारचे दोन्ही पाय धरून आत ठेवले. मग उकिडवे बसून ते एकेक बोट चोळू लागले. "पानी घाल वं," ते मान वर न करता म्हणाले.

कुंताबाईंनी पितळी लोटा काढला. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, तो मात्र डोमाभाऊंना दिसला नाही. लोट्यानं हळूहळू पाणी घालत राहिल्या. पायांना रंग आला. डोमाभाऊंनी गळ्यातला दुपट्टा ओढला, पाय पुसून कोरडे केले आणि सुस्कारा सोडला. वर पाहतात तर कुंताबाई एनारच्या कपाळाला कुंकू लावतायत.

"हे काय करून राह्यली?"

"जावयाले कुंकू लावून राह्यली."

"कोनाचा जावई? मी कवा हो मनलो?"

"तुमी कायले मनाल जी? पाय धुतले ना."

"तो गारठला होता मनून धुतले!"

"काऊन धुतले अन् कसे धुतले, हे इचाराचंच नाई," कुंताबाई लोटा पिशवीत ठेवत म्हणाल्या. "मांडव असो का नदीचा काठ असो. पाणी म्या घातलं, पाय तुमी धुतले, दुपट्टा तुमचा. इसरूले इचारू काय फोन करून?"

डोमाभाऊंनी घंगाळाकडे पाहिलं, दुपट्ट्याकडे पाहिलं, आपल्या ओल्या हातांकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलेलं वाक्य त्यांच्या पुढ्यात येऊन बसलं होतं आणि त्याला कुठूनही फट नव्हती. दामिनी तोंडावर हात दाबून उभी होती. ती हसतेय की रडतेय ते कळत नव्हतं. एनारला काहीच उमगलं नव्हतं. तो कपाळावर कुंकू घेऊन आळीपाळीनं सगळ्यांकडे पाहत होता.

डोमाभाऊंनी पोटातली भीती चाचपून पाहिली. ती होती, पण तिची धार गेली होती. दुसऱ्याचं जाळं न कापणारा माणूस आपल्या पोरीला तोडून बोलणार नाही, एवढं त्यांना कळत होतं. याहून मोठी चौकशी चार सोयऱ्यांनीही करून दिली नसती.

"त्याले सांग," ते दामिनीला म्हणाले, "जाळं नीट वाळू घाल मना. ओलं ठेवलं तं कुजते. आता त्यालेच वापराचं हाये."

दामिनीनं बापाच्या गळ्यात हात टाकले. कुंताबाईंनी उत्तरेकडच्या त्या न मावळणाऱ्या उजेडात, मार्कंडदेव कोणत्या दिशेला असेल याचा अंदाज घेऊन हात जोडले. डोमाभाऊ मग समोरच्या डोंगराकडे, वाफेकडे, दुधाळ नदीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि शेवटी पुटपुटले, "असं मात्र आमच्याकडं नाई."

लग्न पुढच्या माघात गावीच झालं. एनारचे आईवडील आले, नदीकाठी मांडव पडला, आणि धोतर नेसलेला तांबूस दाढीचा नवरदेव पाहायला तीन तालुक्यांतून माणसं लोटली. परात आली, लोटा आला. पण नवरदेवाचे पाय धुवायची वेळ झाली आणि डोमाभाऊ जागचे हलेनात. कुजबुज सुरू झाली: बापाच्या मनात नव्हतं वाटते.

तेव्हा इसरू उठला. इतक्या वर्षांनी त्याची पाळी आली होती आणि त्याच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. "धुतले त्यायनं! तिकडं नदीवर धुतले, कुंताबाईनं सांगतलं मले. एकदा पाणी पडलं, पोरगी गेली. दुसऱ्यांदा धुवाचं कारनच नाई. डोमाभाऊचाच निवाडा हाये!"

मांडव खदखदून हसला. डोमाभाऊही हसले. मग ते उठले, परातीपाशी जाऊन उकिडवे बसले आणि पाण्यात कोपर बुडवून पाहिलं. माघाची सकाळ होती. पाणी गार होतं.

"गरम पानी आना," ते म्हणाले.

"पन भाऊ, निवाडा?" इसरूनं विचारलं.

"तवा गारठला होता मनून धुतले, इसरू. जावई मनून कुठी धुतले?" डोमाभाऊंचा तो खणखणीत आवाज पहिल्यांदाच कापत होता. "माह्या एकुलत्या एक पोरीचा नवरा हाये. मले धुवाचे हायेत."

गरम पाणी आलं. कुंताबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि लोटा उचलला. एनारनं परातीत पाय ठेवले, आणि दामिनीनं महिनाभर घोकून घेतलेलं वाक्य त्यानं सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हटलं, "बाबा, जाळं वाळू घातलं हाये."